सोयाबीन तेलाचा १५ किलोचा डबा: फोडणीला चांगला, बांगड्याला नको

निकाल आधीच सांगून टाकतो. रिफाइंड सोयाबीन तेल फोडणीला, कालवणाला, भाजी-उसळीला चांगलं. कोंबडी-वड्याचे वडे ताज्या तेलात तळले तर तक्रारीला जागा नाही. पण मासे तळायला, त्यातही तेच तेल दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवून बांगडा तळायला, हे तेल वाईट आहे. ब्रँड बदलून त्यात फरक पडत नाही. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या खानावळींत दर हंगामाला कंपनी बदलून पाहणारे कमी नाहीत, पण दोष कंपनीचा नाही. तो सोयाबीनच्या दाण्यातच आहे. म्हणून या परीक्षणात कंपन्यांची नावं नाहीत.

हंगामात गिऱ्हाइकाची नेहमीची तक्रार असते ती "मासा शिळा वाटतो" अशी. मासा सकाळच्या लिलावातला असतो, शिळं असतं ते तेल. पडताळायला सोपं आहे. डब्यातलं ताजं तेल वाटीभर घ्या, मासा न टाकता लहान कढईत १८० अंशांपर्यंत तापवा आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवा. सुरुवातीला काहीच वास नसतो. मग कच्च्या पाल्यासारखा हलका वास येतो आणि पुढे वशाट, थोडा ओल्या ऑइलपेंटकडे झुकणारा. कढईत मासळीचा कणही गेलेला नसताना हा वास येतो. पामोलिन किंवा शेंगदाणा तेल तितकाच वेळ तापवलं तर जळकट वास येईल, पण हा वशाटपणा येणार नाही.

कारण मेदाम्लांत, म्हणजे तेल ज्या घटकांचं बनतं त्यांत आहे. साध्या सोयाबीन तेलात पामिटिक साधारण १०-११ टक्के, स्टिअरिक ४, ओलेइक २२-२४, लिनोलेइक ५३ आणि लिनोलेनिक ७-८ टक्के असतं. ओलेइकमध्ये कार्बनच्या अणूंमधला दुहेरी बंध एक, लिनोलेइकमध्ये दोन, लिनोलेनिकमध्ये तीन. हवेतला ऑक्सिजन या बंधांच्या शेजारी हल्ला करतो. ओलेइकचा खराब होण्याचा वेग १ धरला तर लिनोलेइकचा १० च्या आसपास आणि लिनोलेनिकचा २० च्या पुढे जातो. म्हणजे तेलाचा जेमतेम तेरावा-चौदावा हिस्सा सगळ्या तेलाची चव बिघडवतो. हे नुसत्या तर्कावर ठरलेलं नाही. १९५१ साली अमेरिकी कृषी खात्याच्या पिओरियातल्या प्रयोगशाळेने सरकीच्या तेलात रासायनिक पद्धतीने ९ टक्क्यांच्या आसपास लिनोलेनिक बसवलं आणि चव पाहणाऱ्यांसमोर ठेवलं. त्यांनी ते सोयाबीन तेल म्हणून ओळखलं!

रिफायनरी बिचारी तिला जमेल ते सगळं करते. डिंक काढते, आम्लता काढते, मातीतून गाळून रंग काढते आणि शेवटी निर्वात टाकीत २३०-२५० अंशांना वाफ सोडून वास काढते. पण लिनोलेनिक हा तेलाचाच भाग आहे, गाळून वेगळा होत नाही. पूर्वी त्यावर हायड्रोजन जोडून उपाय व्हायचा. लिनोलेनिक कमी व्हायचं आणि त्याच्या जागी ट्रान्स फॅट यायचं. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेल-वनस्पतीत ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के आहे, तेव्हा तो रस्ता बंद झाला. राहिला डब्यातला टीबीएचक्यू हा अँटिऑक्सिडंट, म्हणजे तेल खवट होणं लांबवणारा पदार्थ, लेबलवरचा आयएनएस ३१९. किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत त्याला परवानगी आहे. बंद डबा टिकवायला तो कामाचा, पण तळणीच्या तापमानाला तो वाफेबरोबर बराचसा उडून जातो. "अँटिऑक्सिडंट घातलेलं आहे, मग खराब कसं होतं?" असं दुकानात विचारतात, त्याचं उत्तर हेच.

आता दाण्याकडे. तेल सुधारण्याचं खरं काम पीक-पैदासकारांनी केलं आहे आणि ते समजून घेतलं तर लेबल वाचणं सोपं जातं. दाण्यात ओलेइक आधी तयार होतं. एक विकर (एन्झाइम) त्याचं लिनोलेइक करतं आणि दुसरं त्यातल्या काहीचं लिनोलेनिक. पहिल्या पायरीची जनुकं एफएडी २ गटातली, दुसरीची एफएडी ३ गटातली. दुसरी पायरी अडवली की कमी-लिनोलेनिक सोयाबीन मिळतं. अमेरिकेत रसायनाने उत्परिवर्तन घडवून काढलेल्या ए ५ आणि सी १६४० या ओळी (पैदाशीसाठी राखलेले वंश) याच कामाच्या. त्यांच्यात लिनोलेनिक ३-४ टक्क्यांवर आलं. पहिली पायरी अडवली तर ओलेइक साचत जातं. जपानमध्ये 'बे' या वाणावर क्ष-किरण सोडून एम २३ ही ओळ काढली गेली, तिच्यात ओलेइक जवळजवळ दुप्पट झालं. पण तिथेच अडलं, कारण दाण्यात हे काम करणारी जनुकं दोन आहेत. एक बंद पडलं तरी दुसरं काम उरकत राहतं.

दुसऱ्या जनुकाचा दोष पीआय २८३३२७ सारख्या जुन्या संग्रहातल्या वाणांत सापडला आणि दोन्ही दोष एका झाडात आणल्यावर ओलेइक ८० टक्क्यांच्या घरात गेलं. हे २०१० साली प्रसिद्ध झालं. यात बाहेरचं जनुक घातलेलं नाही, साधा संकर आहे. ऐकायला सोपं, करायला चिकट काम. सोयाबीनचं फूल उमलण्याआधीच स्वतःचं परागण उरकून घेतं, म्हणून कळी असतानाच चिमट्याने पाकळ्या सोलून दुसऱ्या झाडाचा पराग लावावा लागतो आणि यातल्या बऱ्याच कळ्या गळून जातात. दोन्ही दोष अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आल्याशिवाय गुण दिसत नाही, त्यामुळे दुसऱ्या पिढीत १६ दाण्यांमागे सरासरी एकच दाणा कामाचा. कमी लिनोलेनिकसाठी आणखी दोन जनुकं जोडली तर २५६ मागे एक. तो शोधायची युक्ती सुरेख आहे: दाण्याच्या अंकुराविरुद्धच्या टोकाची पातळ चकती ब्लेडने काढायची, तेवढ्या चकतीतल्या तेलाची मेदाम्लं गॅस क्रोमॅटोग्राफ या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर मोजायची आणि अंकुर शाबूत असलेला उरलेला दाणा कुंडीत लावायचा. चकती जाड कापली गेली किंवा अंकुराला धक्का लागला तर दाणा कुजतो. चकती फारच पातळ असेल तर आकडा विश्वासाचा येत नाही. आता पानाच्या तुकड्यावरून जनुकाची खूण तपासता येते, म्हणून काम हलकं झालं आहे. पण शेवटचा निवाडा दाण्यातल्या तेलावरच होतो. दाणा भरताना हवा उष्ण असेल तर त्याच वाणात ओलेइक वाढतं आणि थंडीत घसरतं. एकच जनुक अडवलेल्या ओळींत ही चढउतार मोठी, दोन्ही अडवलेल्यांत बरीच कमी. म्हणूनच एका गावच्या एका हंगामाच्या अहवालावर वाण निवडू नये.

भारतात इंदूरच्या राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थेचं एनआरसी १४७ हे वाण आहे. त्यात ओलेइक ४२ टक्क्यांच्या आसपास. साध्या सोयाबीनपेक्षा बरंच वर, साधारण शेंगदाण्याच्या पातळीला, पण ८० पासून दूर. त्याच संस्थेचं एनआरसी १३२ आणि एनआरसी १४२ यांचं नाव यात घुसडलं जातं, ते चूक. त्यांच्यात लिपॉक्सिजनेज २ हे विकर नाही, म्हणून सोयादुधाला आणि टोफूला कच्च्या घेवड्यासारखा वास कमी येतो. रिफाइंड तेलाच्या तळणीशी त्याचा संबंध नाही.

मग एनआरसी १४७ चं तेल डब्यात का मिळत नाही? बाजार समितीत सोयाबीनचा भाव ओलावा, काडीकचरा आणि डागी दाणे पाहून ठरतो. ओलेइक कोणी मोजत नाही, त्यामुळे शेतकऱ्याला त्याचा एक पैसा जास्त मिळत नाही. शिवाय गिरणीसाठी पेंडही तेलाइतकीच महत्त्वाची, कारण दाण्यात तेल १८-२० टक्के आणि प्रथिनं ४० च्या आसपास. वेगळ्या वाणाचं तेल वेगळं ठेवायचं तर खरेदी, गोदाम, गाळप, टाकी सगळं स्वतंत्र लागतं. एक ट्रक साधा माल मिसळला की गुण पातळ झाला. त्यात आपण वापरतो त्या सोयाबीन तेलाचा मोठा भाग अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून कच्च्या रूपात जहाजाने येतो. रत्नागिरीच्या दुकानातला डबा कुठल्या शेतातला, हे दुकानदारच काय, भरणारी कंपनीही वाणाच्या नावाने सांगू शकत नाही.

"बियाणं आणून इथेच लावू" असा उत्साहही कधीकधी दिसतो. कोकणात तेलासाठी सोयाबीन हा तोट्याचा सौदा आहे. खरीपात जमीन भाताची, पाऊस सोयाबीनला झेपणारा नाही आणि काढणीच्या वेळी शेंग भिजली की दाणा काळवंडून आम्लता वाढते. बियाण्याची उगवणशक्ती दमट हवेत इतकी झपाट्याने उतरते की घरचं बी पुढच्या वर्षी भरवशाचं राहत नाही. भुईमूग लावा, ते बरं.

तेव्हा दुकानात काय पाहायचं? ब्रँडच्या खाली असलेला पोषणमूल्यांचा तक्ता. १०० ग्रॅममागे तीन आकडे असतात: सॅच्युरेटेड, मोनोअनसॅच्युरेटेड म्हणजे मुफा (ओलेइक यात येतं), पॉलिअनसॅच्युरेटेड म्हणजे पुफा (लिनोलेइक आणि लिनोलेनिक यात येतात). साध्या सोयाबीनला ते १५, २४, ६० च्या आसपास दिसतील. खरोखर हाय-ओलेइक तेल असेल, मग ते सोयाबीनचं असो वा सूर्यफुलाचं, तर मुफा ७० च्या वर हवा. समोर "हार्ट", "लाइट", "गोल्ड" काहीही छापलेलं असो, मुफा २४ असेल तर ते साधंच सोयाबीन. शेंगदाण्यात मुफा ४५-५० आणि लिनोलेनिक जवळजवळ नाही. पामोलिनमध्ये सॅच्युरेटेड ४० च्या वर, म्हणून ते कढईत टिकतं आणि म्हणूनच रोजच्या जेवणात त्याचं कौतुक नको. मिश्र तेलाच्या डब्यावर प्रत्येक तेलाचं प्रमाण लिहिलेलं असतं आणि कुठलंही तेल २० टक्क्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही. "शेंगदाणा" मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात "सोयाबीन ८० टक्के" असा प्रकार असू शकतो, चष्मा लावून वाचा. वजनही पाहा: १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात, पण लिटरला ९१० ग्रॅम धरले तर १५ लिटरमध्ये तेल भरतं साडेतेरा किलोच्या जरा वर. भाव विचारताना हे आधी विचारा.

आता ज्यांना सोयाबीनच वापरायचं आहे त्यांच्यासाठी, कारण खानावळीचा हिशोब शेवटी भावावर येतो. तळणीचा क्रम ठरवा: आधी पापड, कुरडया, मग वडे, मग सुरमई-पापलेट आणि सगळ्यात शेवटी बांगडा-तारली. हा क्रम नुसता वासासाठी नाही. बांगड्या-तारलीची स्वतःची चरबी कढईत उतरते. तिच्यात पाच-सहा दुहेरी बंधांची मेदाम्लं असतात, लिनोलेनिकपेक्षाही नाजूक. बांगडा आधी तळला तर पुढचं सगळं तेल त्याच्या वाटेने जातं. जास्त गर्दीच्या ठिकाणी बांगड्याला कढई वेगळीच ठेवा. वड्यांना माशाच्या तेलाचा वास लागला की शाकाहारी गिऱ्हाईक कायमचं गेलं.

अडीच लिटर तेलात एका घाण्याला ३०० ग्रॅमच्या वर तुकड्या टाकू नका. जास्त टाकल्या की तापमान कोसळतं, रवा सुटतो, तुकडी तेल पिते आणि मग आच वाढवून आपण तेल जाळतो. तापमान १७० ते १८०. २०० च्या पुढे सोयाबीन तेल फार झपाट्याने घट्ट होत जातं. आगळ (कोकमाचा आंबट रस), हळद, मिरचीपूड आणि मीठ लावलेल्या तुकडीला पाणी सुटतं. ते निथळू द्या, मग रवा-तांदळाचं पीठ लावा आणि जास्तीचं पीठ झटकून टाका. पाणी आणि आगळातलं आम्ल गरम तेलाचे तुकडे पाडतं, मुक्त मेदाम्लं वाढतात आणि धूर कमी तापमानाला येऊ लागतो. कढईवर उभं राहून मीठ भुरभुरवू नका. प्रत्येक घाण्यानंतर झाऱ्याने रव्याचा गाळ काढा, तो तळाशी करपतो आणि कडवटपणा तिथूनच येतो.

तव्यावरची तळणी वेगळी. तेल थोडं आणि पसरट, म्हणून हवा भरपूर लागते. सोयाबीन तेल तिथे लवकर चिवट होऊन तव्याच्या कडेला तपकिरी राळ धरतं, जी घासून निघता निघत नाही. ही राळ म्हणजे एकमेकांत गुंतलेलं तेलच. पण तव्यावरचं तेल त्याच फेरीत संपतं, उरलेलं पुन्हा वापरायचा मोह होत नाही, म्हणून सुरमईसाठी सोयाबीन वापरायचंच तर तवा कढईपेक्षा बरा. कल्हई उडालेली पितळी कढई मात्र अडगळीत टाका. तांब्याचा अंशही तेल खवट करण्यात लोखंडाच्या पुढे आहे. तळण आणि साठवण दोन्हीला स्टील.

उरलेलं तेल ६०-७० अंशांवर उतरलं की मलमलच्या दुपदरी फडक्यातून गाळा आणि तोंडापर्यंत भरेल अशा लहान स्टीलच्या डब्यात झाकून ठेवा. अर्ध्या रिकाम्या डब्यात वरची हवा आपलं काम करत राहते. दुसऱ्या दिवशी त्यात ताजं तेल ओतून "सुधारायचं" ही सर्वत्र दिसणारी पद्धत चुकीची: जुन्या तेलात ऑक्सिजनमुळे तयार झालेले पेरॉक्साइड ताज्या तेलाची पडझड लगेच सुरू करून देतात. ताज्या तेलात दिवस सुरू करा, कालचं तेल आज तव्याला संपवा, परवासाठी ठेवू नका. तेल टाकायची वेळ रंगावरून ठरवू नये, हळद आणि मिरची पहिल्या घाण्यातच रंग बदलतात. फेसाकडे पाहा. तुकडी बाहेर काढल्यावर मोठे बुडबुडे विरले तर ठीक. बारीक पिवळट फेस कढईभर पसरून तसाच राहिला, किंवा झाऱ्यावरून तेल धारेऐवजी ओढत पडलं, तर संपलं. कायद्याची मर्यादा एकूण ध्रुवीय घटक (तळताना तेल मोडून तयार होणारे पदार्थ) २५ टक्के अशी आहे, १ जुलै २०१८ पासून. ते मोजणारं हातातलं यंत्र महाग असलं तरी दिवसाला दोन कढया चालवणाऱ्याने घ्यावं.

स्वस्तातला एक मधला मार्ग आहे, आणि आमच्या मते सोयाबीनच्या डब्याचा किनाऱ्यावरचा सर्वांत चांगला उपयोग तोच. ६० भाग रिफाइंड शेंगदाणा तेल आणि ४० भाग सोयाबीन. लिनोलेनिक ७ वरून २.८ टक्क्यांवर येतं, म्हणजे कमी-लिनोलेनिक वाणांसाठी पैदासकारांनी ठेवलेल्या ३ टक्क्यांच्या लक्ष्यापाशी, तेही नुसत्या मापाने. पानावर किंवा फळ्यावर शेंगदाणा तेल वापरल्याचं लिहा, कोणाला ॲलर्जी असू शकते. लाकडी घाणीचं तेल या मिश्रणात घालू नका. त्याची चव कालवणात सुंदर, पण गाळ आणि ओलावा यांमुळे ते कढईत लवकर धुरकटतं आणि फेसाळतं. शिवाय दमट जागी ठेवलेल्या दाण्याला बुरशी लागून अफ्लाटॉक्सिन या तिच्या विषाचा धोका असतो, जे घाणीत निघत नाही. भुईमुगातही पैदासकार पुढे गेले आहेत. २०२० मध्ये प्रसारित झालेल्या गिरनार ४ आणि गिरनार ५ या वाणांत ओलेइक ८० टक्क्यांच्या आसपास आहे. त्यांचं तेल वेगळं भरलेलं दिसलं तर मुफाचा आकडा पाहून डोळे झाकून घ्या.

राहिला पावसाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, पर्यटक नाहीत, आणि मे महिन्यात फोडलेला १५ किलोचा डबा अर्धा भरलेला कोपऱ्यात पडून राहतो. खाऱ्या हवेने पत्र्याला गंज चढतो, तो लोखंडाचा गंज तेलात उतरतो, झाकणाखाली ओल जमते आणि नारळी पौर्णिमेला धंदा पुन्हा सुरू होतो तेव्हा पहिलीच सुरमई वशाट लागते. मेच्या पंधरवड्यानंतर मोठा डबा फोडू नका. ५ लिटरचे कॅन किंवा पाऊच महाग पडले तरी घ्या. फोडलेला डबा उरलाच तर तेल स्टीलच्या कॅनमध्ये काठोकाठ भरून अंधारात ठेवा आणि घरच्या फोडणीला संपवा. तळून संपलेलं तेल गटारात किंवा खाडीत ओतू नका. बायोडिझेलसाठी गोळा करणारे परवानाधारक असतात, त्यांना द्या आणि पावती ठेवा. दिवसाला ५० लिटरच्या वर तळणीचं तेल वापरणाऱ्यांना ही नोंद ठेवणं बंधनकारकच आहे.